मत देण्यापूर्वी ताळेबंद पाहा

बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांत मत मागावयास येणारा उमेदवार बहुधा रिकाम्या हातांनी येत नाही. कोणाच्या मागे साखर कारखाना असतो, कोणाच्या मागे दूध संघ, कोणाच्या मागे बँक, तर कोणाच्या मागे खासगी कंपनी. व्यासपीठावर उभा राहून तो हेच आपले पहिले प्रमाणपत्र म्हणून पुढे करतो. “मी कारखाना चालविला आहे, हजारो हातांना काम दिले आहे, तेव्हा राज्याचा कारभारही मला चालविता येईल,” असा त्याच्या भाषणाचा सारांश असतो. हा दावा आम्ही खोटा म्हणत नाही आणि खराही म्हणत नाही. आमचे म्हणणे एवढेच आहे की, तो दावा आहे, आणि दाव्याला पुरावा लागतो.

न्यायालयातला एक नियम येथे ध्यानात घेण्यासारखा आहे. फौजदारी खटल्यात आरोपीचे पूर्वीचे वाईट वर्तन सहसा पुराव्यात घेत नाहीत. परंतु आरोपीनेच आपल्या सच्छीलाचा पुरावा पुढे केला, तर त्या शीलाची उलटतपासणी करण्याचे दार तो स्वतःच्या हाताने उघडतो. १८७२ च्या पुरावा कायद्यात हे तत्त्व होते आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमातही ते कायम आहे. जो उमेदवार कारखान्याचे नाव घेत नाही, त्याला कारखान्याविषयी विचारणे कदाचित अप्रस्तुत ठरेल. जो कारखान्याच्या धुराड्याकडे बोट दाखवून मत मागतो, त्याला त्या धुराड्याखाली राबणाऱ्या माणसाची मजुरी विचारणे हा मतदाराचा अधिकारच आहे.

हा प्रश्न आपल्या समाजाला इतरांहून अधिक जवळचा का, हेही सांगितले पाहिजे. इंदापूर तालुक्यात साखरेचा व्यवसाय प्रथम कंपनीच्या रूपाने आला. १९३० च्या दशकात वालचंद हिराचंद यांनी उभे केलेले वालचंदनगर त्याची साक्ष देत आजही उभे आहे. पुढे सहकाराचे युग आले. बारामती तालुक्यात माळेगाव आणि सोमेश्वरनगर, इंदापूर तालुक्यात भवानीनगरचा छत्रपती, बिजवडीचा कर्मयोगी आणि शहाजीनगरचा नीरा-भीमा असे कारखाने निघाले. त्यानंतर खासगी कंपनी पुन्हा परतली. शेटफळगढे येथील बारामती ॲग्रोचा कारखाना हे तिचे उदाहरण. कंपनी, सहकार आणि पुन्हा कंपनी असे मालकीचे रूप पालटत गेले, पण आपल्या बहुसंख्य कुटुंबांचे स्थान पालटले नाही. ज्याच्याकडे पाण्याखालची जमीन, त्याच्याकडे ऊस. ज्याच्याकडे ऊस, त्याच्याकडे भाग. आणि ज्याच्याकडे भाग, त्याच्याकडे कारखान्यातले मत. ज्यांच्या वाट्याला पिढ्यान्‌पिढ्या वतनाचा तुकडा आणि गावकीची चाकरी आली, त्यांच्यापैकी फार थोड्यांचे नाव या भागधारकांच्या यादीत आहे. आपण कारखान्यात आहोत ते हंगामी कामगार म्हणून, कंत्राटी मजूर म्हणून, कोयता हाती घेतलेला तोडकरी म्हणून, किंवा मळीच्या पाण्याने विहीर बिघडलेल्या वस्तीतला रहिवासी म्हणून. कारखान्याच्या निवडणुकीत जे विचारण्याचा अधिकार आपल्याला मिळाला नाही, ते विचारण्याची एकच संधी आपल्या हाती आहे. तोच अध्यक्ष, तोच संचालक, तोच कार्यकारी अधिकारी विधानसभेचा वा लोकसभेचा उमेदवार होऊन दारात येतो, तेव्हाची ती संधी होय. तेथे भागधारक असो वा भूमिहीन असो, प्रत्येकाचे मत एक आणि त्याचे मोलही एकच.

तत्त्वाची चर्चा उदाहरणावाचून हवेत राहते, म्हणून एक उदाहरण घेऊ. रोहित पवार हे बारामती ॲग्रो या कंपनीचे मुख्य कार्यकारी अधिकारी म्हणून सार्वजनिक जीवनात आले. २०१७ साली ते पुणे जिल्हा परिषदेवर निवडून आले. २०१८ साली देशातील साखर कारखानदारांच्या ‘इस्मा’ या संघटनेचे अध्यक्ष झाले. २०१९ साली कर्जत-जामखेड मतदारसंघातून तत्कालीन मंत्री राम शिंदे यांचा पराभव करून विधानसभेत गेले आणि २०२४ साली त्याच प्रतिस्पर्ध्याविरुद्ध अवघ्या १२४३ मतांनी पुन्हा निवडून आले. कर्जत-जामखेड नगर जिल्ह्यात, तर कंपनीचा मूळ पसारा बारामती-इंदापुरात. म्हणजे ज्या कामगाराने या अधिकाऱ्याचा कारभार जवळून पाहिला, तो एका मतदारसंघात आणि त्या अधिकाऱ्याला मत देणारा मतदार दुसऱ्या मतदारसंघात, असा प्रकार झाला. जामखेड तालुक्यातील हळगावचा कारखानाही याच कंपनीकडे आला असल्याने पुढे मालक आणि प्रतिनिधी ही दोन नाती तेथेही एका ठिकाणी आली.

या कंपनीने २०१२ साली कन्नड सहकारी साखर कारखाना लिलावात ५०.२० कोटी रुपयांना घेतला. तो कारखाना कर्जात बुडाला होता आणि ८०.५६ कोटी रुपयांच्या वसुलीसाठी महाराष्ट्र राज्य सहकारी बँकेने तो ताब्यात घेतला होता. लिलावात राखीव किंमत गैररीतीने कमी ठरविली गेली आणि बोलीत संगनमत झाले, असा सक्तवसुली संचालनालयाचा आरोप आहे. जानेवारी २०२४ मध्ये कंपनीवर छापे पडले. मार्च २०२४ मध्ये कन्नडची १६१.३० एकर जमीन यंत्रसामग्रीसह जप्त झाली. जुलै २०२५ मध्ये आरोपपत्र दाखल झाले. रोहित पवार यांनी हे आरोप नाकारले असून ही कारवाई राजकीय सूडातून झाल्याचे म्हटले आहे. ज्या मूळ गुन्ह्याच्या आधारावर हा तपास उभा राहिला, त्या राज्य सहकारी बँक प्रकरणात मुंबई पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेने २०२० मध्ये आणि पुन्हा २०२४ मध्ये प्रकरण बंद करण्याचा अहवाल दिला होता, हेही येथे नमूद केले पाहिजे. तसेच सप्टेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाने कंपनीच्या बारामती येथील प्रकल्पाचे काम थांबविण्याचा आदेश काढला, तो ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने रद्द केला.

हे सारे वाचून मतदाराने कोणता निष्कर्ष काढावा? येथेच दोन चुकीच्या वाटा फुटतात. पहिली वाट अशी: “छापा पडला, म्हणजे माणूस चोर.” दुसरी वाट अशी: “विरोधी पक्षात आहे म्हणून छापा पडला, म्हणजे माणूस निर्दोष.” आमच्या मते दोन्ही वाटा मतदाराला तपासणीपासून दूर नेतात. आरोप सिद्ध होईपर्यंत कोणीही गुन्हेगार नाही, हे तत्त्व ज्या समाजाला ‘गुन्हेगार’ हा शिक्का जन्मतःच मारला गेला, त्या समाजाने तरी प्राणपणाने जपले पाहिजे. परंतु गुन्हा सिद्ध न होणे म्हणजे कारभार चांगला असणे नव्हे. न्यायालय विचारते, “याने कायद्याने दंडनीय असे काही केले काय?” मतदाराने विचारावयाचे ते वेगळेच: “याच्या हाती सत्ता होती, तेव्हा याने ती कोणासाठी वापरली?” पहिल्या प्रश्नाचे उत्तर न्यायाधीश देतील आणि त्याला दहा वर्षे लागतील. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर ताळेबंदात, हजेरीपटात आणि वस्तीतल्या विहिरीत आजच सापडते.

कन्नडच्या लिलावाचेच पाहा. बोलीत संगनमत झाले की नाही, हे न्यायालय ठरवील. पण एक प्रश्न न्यायालयापुढे नाही आणि तो मात्र आपला आहे. सहकारी कारखाना बुडतो, बँक तो विकते, कंपनी तो घेते, त्या फेरपालटात जुन्या कामगारांच्या थकलेल्या पगाराचे, भविष्यनिर्वाह निधीचे आणि उपदानाचे काय होते? विकत घेणाऱ्याने किती जुन्या माणसांना कामावर ठेवले आणि कोणत्या पगारावर? हा प्रश्न विचारावयास ना ईडी लागते ना पोलीस.

परदेशातही हा प्रश्न लोकांनी विचारला आहे. अमेरिकेत १९९४ साली मिट रॉम्नी सिनेटसाठी मॅसेच्युसेट्स राज्यातून उभे राहिले. बेन कॅपिटल या गुंतवणूक कंपनीचे यशस्वी प्रमुख ही त्यांची ख्याती होती आणि आपण रोजगार निर्माण केला, हा त्यांचा दावा होता. त्या कंपनीच्या मालकीच्या अँपॅड या कागदवस्तूंच्या उद्योगाने इंडियाना राज्यातील मेरियन येथील एक कारखाना घेतला, कामगारांना काढले आणि अनेकांना कमी पगारावर परत बोलाविले. तेथील संपकरी कामगार शेकडो मैल प्रवास करून मॅसेच्युसेट्समध्ये आले आणि त्यांनी तेथील मतदारांपुढे आपली साक्ष दिली. रॉम्नी ती निवडणूक हरले. पराभवाला कारणे अनेक असतील. परंतु कामगार दुसऱ्या राज्यात जाऊन आपल्या मालकाविषयी बोलू शकला, यातच लोकशाहीचे सामर्थ्य दिसते. शेटफळगढ्याच्या कामगाराला चांगले वा वाईट जे काही सांगावयाचे असेल, ते कर्जतच्या मतदारापर्यंत पोहोचविण्याची व्यवस्था आपण केली आहे काय?

एकाच घराण्याला वा एकाच पक्षाला उद्देशून हे लिहिलेले नाही, हे स्पष्ट व्हावे म्हणून इतरांकडेही पाहू. २०२५ च्या जून महिन्यात माळेगाव कारखान्याची निवडणूक झाली. अजित पवार त्या वेळी राज्याचे उपमुख्यमंत्री आणि अर्थमंत्री होते. ते ‘ब’ वर्ग संस्था मतदारसंघातून १०१ पैकी ९१ मते घेऊन निवडून आले, त्यांच्या गटाला २१ पैकी २० जागा मिळाल्या आणि जुलै २०२५ मध्ये ते कारखान्याचे अध्यक्ष झाले. कारखान्याचे सभासद मतदार एकोणीस हजारांहून अधिक होते. कायद्याने यात काही वावगे नाही. पण राज्याच्या तिजोरीची किल्ली आणि त्या तिजोरीकडून हमी व सवलत मागणाऱ्या संस्थेचे अध्यक्षपद एका हाती आले, तर देणारा कोण आणि मागणारा कोण, हा प्रश्न उरतोच.

इंदापुरात हर्षवर्धन पाटील यांच्याकडे कर्मयोगी आणि नीरा-भीमा या दोन कारखान्यांचे नेतृत्व मानले गेले. १९९५ ते २०१४ ते आमदार होते आणि २००९ नंतरच्या सरकारांत त्यांनी सहकार खाते सांभाळले. २०१४, २०१९ आणि २०२४ या तिन्ही निवडणुकांत दत्तात्रय भरणे यांनी त्यांचा पराभव केला. २०२३ साली ते भारतीय जनता पक्षात असताना राष्ट्रीय सहकार विकास निगमाकडून राज्यातील सहा कारखान्यांना एकूण ५४९.५४ कोटी रुपयांचे कर्ज देण्याचे प्रस्ताव वृत्तपत्रांत गाजले. त्यांत कर्मयोगीचे १५० कोटी आणि नीरा-भीमाचे ७५ कोटी होते. सत्ताधारी पक्षाच्या नेत्यांच्याच कारखान्यांना कर्ज का, अशी टीका त्या वेळी झाली. २०२४ च्या ऑक्टोबरात पाटील पक्ष बदलून शरद पवार यांच्या राष्ट्रवादी काँग्रेसमध्ये गेले. पक्ष बदलला, कारखाने तेथेच राहिले. म्हणून उमेदवाराची परीक्षा पक्षाच्या निशाणीवरून करू नका. निशाणी पाच वर्षांत दोनदा बदलते. कर्जखाते बदलत नाही.

२०२४ च्या लोकसभा निवडणुकीत उमेदवार असलेल्या सुनेत्रा पवार बारामती हाय-टेक टेक्स्टाइल पार्कच्या अध्यक्षा म्हणून ओळखल्या जात. तेथे मोठ्या संख्येने स्त्रिया शिवणयंत्रावर काम करतात आणि त्यांत आपल्या वस्तीतल्या मुलीही आहेत. खेड्यातल्या मुलीला घराजवळ काम मिळणे ही लहान गोष्ट नाही आणि ज्याचे श्रेय त्याला दिलेच पाहिजे. परंतु श्रेय आणि तपासणी ही एकमेकांची वैरी नाहीत. किमान वेतन, भविष्यनिर्वाह निधी, प्रसूतीची रजा, पाळणाघर आणि तक्रार समिती यांविषयी विचारले, तर चांगल्या व्यवस्थापनाला राग येण्याचे कारण नाही. उलट उत्तर देण्याची संधी मिळते.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू, कारण मतदाराला जे कायदा सांगत नाही ते त्याने स्वतः शोधावे लागते. सर्वोच्च न्यायालयाच्या २००२ आणि २००३ मधील निर्णयांमुळे प्रत्येक उमेदवाराला आपली मालमत्ता, देणी, शिक्षण आणि फौजदारी खटले यांचे प्रतिज्ञापत्र द्यावे लागते. ही मोठी सुधारणा होती. परंतु त्या प्रतिज्ञापत्रात उमेदवाराने चालविलेल्या संस्थेची प्रकृती विचारलेली नाही. उमेदवाराची संपत्ती पाच वर्षांत किती वाढली ते कळते. त्याच पाच वर्षांत त्याच्या कारखान्याचे कर्ज किती वाढले, ते कळत नाही.

दुसरी उणीव अधिक खोल आहे. लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५१ च्या दहाव्या कलमाप्रमाणे, ज्या कंपनीच्या वा निगमाच्या भांडवलात शासनाचा पंचवीस टक्के वा अधिक वाटा आहे, तिचा मॅनेजिंग एजंट, व्यवस्थापक किंवा सचिव निवडणुकीस अपात्र ठरतो. हेतू उघड आहे: सरकारी पैशावर चालणाऱ्या संस्थेचा कारभारी आणि सरकारवर अंकुश ठेवणारा प्रतिनिधी एकच असू नये. पण त्याच कलमात सहकारी संस्था स्पष्ट शब्दांनी वगळल्या आहेत. महाराष्ट्रात सहकारी कारखान्यांना शासनाने भागभांडवल दिले, कर्जाला हमी दिली, व्याजात सवलत दिली; आणि नेमका तेथेच हा अंकुश लागू नाही. कायद्याने मोकळे सोडलेले हे दार मतदारालाच राखावे लागेल.

कागद कोठे मिळतात, असे वाचक विचारतील. येथे एक विपरीत गोष्ट सांगितली पाहिजे. खासगी कंपनीचा वार्षिक ताळेबंद कंपनी निबंधकाकडे दाखल होतो आणि ठरावीक फी भरून तो कोणासही पाहता येतो. सहकारी संस्थेचे कागद मात्र महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या बत्तिसाव्या कलमाप्रमाणे सभासदाला पाहावयास मिळतात: शेवटचा लेखापरीक्षित ताळेबंद, नफातोटा पत्रक, सर्वसाधारण सभेची इतिवृत्ते, सभासदांची यादी. जो सभासद नाही, त्याला हे दार बंद आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली केरळच्या थलप्पलम बँकेच्या प्रकरणात असे ठरविले की, शासनाने भरीव अर्थसाहाय्य केल्याचे सिद्ध झाल्याखेरीज सहकारी संस्था माहितीच्या अधिकाराच्या कक्षेत येत नाही. मात्र निबंधकाला कायद्याने जी माहिती मिळविता येते, ती निबंधकाकडून मागता येते. तेव्हा अर्ज कारखान्याकडे न करता निबंधकाकडे, आणि साखर कारखान्याच्या बाबतीत पुण्याच्या साखर आयुक्तांकडे करावा. तसेच कारखान्याच्या वा आसवनीच्या विस्तारासाठी जेथे पर्यावरण मंजुरीची जनसुनावणी होते, तेथे भागधारक असण्याची अट नाही. परिसरातील प्रत्येक माणूस तेथे उभा राहून बोलू शकतो आणि त्याचे म्हणणे इतिवृत्तात घ्यावेच लागते. आजवर आपल्या वस्त्यांतून या सुनावण्यांना किती माणसे गेली, याचा विचार प्रत्येकाने आपल्या मनाशी करावा.

कागद हाती आल्यावर काय पाहावे? आम्ही पाच प्रश्न सुचवितो आणि त्यांचा क्रम मुद्दाम खालून वर लावतो, कारण शिडी मजबूत आहे की नाही हे खालच्या पायरीवरून कळते.

पहिला प्रश्न तोडकऱ्याचा. तोडकरी मुकादमाशी बांधलेला, मुकादम ठेकेदाराशी आणि ठेकेदार कारखान्याशी. अपघात झाला, मजुरी बुडाली, बाई कोपीत बाळंत झाली, तर कारखाना म्हणतो, “हा आमचा कामगार नव्हे.” १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्याने ठेकेदाराने मजुरी बुडविल्यास मूळ मालकाने ती द्यावी, असे तत्त्व आणले होते; उसाच्या फडापर्यंत ते तत्त्व पोहोचले नाही. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ झाली, ती संपामुळे. उमेदवाराने आपल्या कारखान्याच्या तळावर पाणी, शौचालय, मुलांची शाळा आणि विमा यांची काय सोय केली, हे प्रथम विचारा.

दुसरा प्रश्न कामगाराचा. किती कायम, किती हंगामी, किती कंत्राटी? पगार किती महिने थकला? निधीची कपात पगारातून झाली, ती निधी कार्यालयात भरली गेली काय? आणि वरच्या जागांवर, लेखा विभागात, प्रयोगशाळेत, शेतकी खात्यात, आपल्या समाजाची किती माणसे आहेत, की आपली माणसे फक्त झाडू आणि मळीच्या टाकीजवळच दिसतात?

तिसरा प्रश्न ऊस देणाऱ्या लहान शेतकऱ्याचा. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे ऊस दिल्यापासून चौदा दिवसांत रास्त व किफायतशीर दराने पैसे मिळाले पाहिजेत. विलंब झाल्यास दरसाल पंधरा टक्के व्याज द्यावे लागते. कोणत्या कारखान्याने किती थकविले, हे साखर आयुक्तांच्या दप्तरी असते. ज्या अध्यक्षाविरुद्ध महसुली वसुलीचा दाखला निघाला, त्याने कार्यक्षमतेचे भाषण करू नये.

चौथा प्रश्न पाण्याचा आणि हवेचा. मळीचे पाणी कोठे जाते? नीरेच्या आणि भीमेच्या काठची कोणती विहीर पिण्याजोगी राहिली नाही? आणि ती विहीर कोणाच्या वस्तीची?

पाचवा आणि शेवटचा प्रश्न पैशाचा. उमेदवाराने पद घेतले तेव्हा कर्ज किती होते आणि सोडले तेव्हा किती? कर्ज कशासाठी काढले? खरेदी व ठेके कोणास दिले? नातेवाइकांच्या कंपन्यांशी व्यवहार झाले काय? लेखापरीक्षकाचे शेरे काय आहेत आणि त्यांची पूर्तता झाली काय?

कोणी म्हणेल, “संचालक मंडळावर अनुसूचित जातीजमातींसाठी एक राखीव जागा आहे; आपला माणूस हे प्रश्न आत बसून विचारील.” १९९० च्या दुरुस्तीने बौद्ध झालेल्यांनाही अनुसूचित जातींत मान्यता मिळाली असल्याने ही जागा आपल्यालाही खुली आहे. पण ती जागा निवडतो कोण? सहकार कायद्याच्या कलम ७३-ब प्रमाणे राखीव जागेसाठी मत देण्याचा अधिकार सर्व सभासदांना आहे. ज्या यादीत आपण मूठभर, त्या यादीने निवडलेला ‘आपला’ संचालक पॅनेलप्रमुखाला विचारल्यावाचून तोंड उघडेल, अशी अपेक्षा करणे व्यर्थ आहे. १९३२ च्या पुणे करारानंतर संयुक्त मतदारसंघाविषयी बाबासाहेबांनी जी चिंता वारंवार मांडली, तीच येथे कारखान्याच्या सभागृहात लहान आकारात दिसते. राखीव जागेवरच्या माणसाला दोष देण्यापूर्वी, त्याला निवडणारा हात कोणाचा, ते पाहा.

आम्हांला एक आक्षेप ठाऊक आहे आणि तो हलका नाही. “मुलगा कारखान्यात हंगामी लागला आहे, विहाराच्या बांधकामाला साहेबांनी सिमेंट दिले आहे, प्रश्न विचारून पोटावर पाय का आणावा?” ज्याच्या घरात चूल त्या पगारावर पेटते, त्याला भ्याड म्हणण्याचा अधिकार आम्हांला नाही. परंतु त्याने दोन गोष्टी समजून घ्याव्यात. काम हे उपकार नव्हे. श्रमाचा तो मोबदला आहे आणि तो घाम गाळून चुकता केलेला आहे. आणि मतदान गुप्त आहे. कायद्याने हा पडदा सर्वांत दुबळ्या माणसासाठीच टांगला आहे. ज्याला उघडपणे विचारता येत नाही, त्याने आपल्या हजेरीचा, पगाराचा आणि कपातीचा कागद जपून ठेवावा. विचारण्याचे काम ज्यांची चूल कारखान्यावर अवलंबून नाही, अशा शिक्षकांनी, वकिलांनी, निवृत्त नोकरदारांनी आणि शहरात गेलेल्या तरुणांनी पत्करावे.

बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत जे भाषण केले, त्यात राजकारणातील भक्ती आणि व्यक्तिपूजा हा अधोगतीचा मार्ग असल्याचा इशारा दिला होता. त्याच भाषणात त्यांनी भिक्षुसंघाला संसदीय कामकाजाचे नियम ठाऊक होते, याचीही आठवण दिली होती. या दोन गोष्टी त्यांनी एका भाषणात सांगाव्यात, हा आमच्या मते योगायोग नव्हे. विनयपिटकाच्या महावग्गात संघाच्या कोठाराचा रक्षक कोणी व्हावे, याची पात्रता दिली आहे: जो छंदाने म्हणजे आवडीने, द्वेषाने, मोहाने वा भयाने वाहून जात नाही आणि काय राखले गेले व काय राखले गेले नाही, हे ज्याला कळते, तो. चीवरांच्या कोठारासाठी जर एवढी परीक्षा, तर कोट्यवधी रुपयांच्या कोठारावर बसलेल्या आणि आता राज्याचे कोठार मागणाऱ्या माणसाची परीक्षा घेण्यात संकोच कसला? आणि हे चार दोष उमेदवारालाच लागू आहेत असे नाही. आवडीने मत देणारा, रागाने मत देणारा, आमिषाला भुलून मत देणारा आणि भिऊन मत देणारा मतदारही त्याच कसोटीत नापास होतो.

म्हणून आमची सूचना अगदी व्यवहाराची आहे. बारामती आणि इंदापूर तालुक्यांतील प्रत्येक मोठ्या वस्तीने दोन शिकलेली मुले आणि दोन शिकलेल्या मुली निवडाव्यात. निवडणूक जाहीर होण्याची वाट न पाहता त्यांनी आपल्या परिसरातील प्रत्येक कारखान्याचा, संघाचा आणि कंपनीचा एक-एक कागद तयार करावा: वरील पाच प्रश्न आणि त्यांपुढे मिळालेली उत्तरे, तारखेसह. ऐकीव गोष्ट लिहू नये. जे कागदाने किंवा दोन साक्षीदारांनी सिद्ध होते, तेवढेच लिहावे. चांगले असेल ते चांगले म्हणून लिहावे. वाईट असेल ते वाईट म्हणून. तो कागद प्रथम त्या संस्थेच्या प्रमुखाला दाखवून त्याचे म्हणणे मागावे, कारण दुसरी बाजू ऐकल्यावाचून दिलेला निकाल हा निकाल नव्हे. उत्तर आले तर तेही जोडावे. न आले तर “उत्तर आले नाही” एवढेच लिहावे. मग विहारात तो मोठ्याने वाचावा आणि शेजारच्या मतदारसंघातील आपल्या बांधवांकडे त्याची प्रत पाठवावी.

उमेदवार येतील तेव्हा त्यांचे स्वागत जरूर करा, त्यांना पाणी द्या, बसावयास घोंगडी द्या. मग तो कागद त्यांच्यापुढे ठेवा आणि उत्तराची वाट पाहा.